रान राखणारा गिरणीवाला

जंगल तोडले म्हणजे त्या जमिनीचे उत्पन्न संपले, असा समज पुष्कळांचा असतो. तो कितपत खरा आहे, हे अमेरिकेतील लुइझियाना संस्थानातील एका गिरणीच्या हकीकतीवरून कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री हार्टनर ह्या गृहस्थांनी युरेनिया येथे लाकूड चिरण्याची गिरणी काढली. आसपास लांब पानांच्या पाइन वृक्षांची अफाट राने होती. त्या काळचा रिवाज असा की, रान घ्यावे, सरसकट तोडावे आणि गिरणी उचलून पुढे जावे. ह्याचे एक कारण करातच होते. आम्ही आकारणीच्या दप्तरात आयुष्य घालविले असल्यामुळे आम्हांस हा भाग विशेष मननीय वाटतो. उभ्या झाडांच्या किमतीवर दरसाल कर बसे. उत्पन्न मात्र तोडीच्या वेळी एकदाच येई. तेव्हा झाड राखणे म्हणजे नुसता कर भरत बसणे!

हार्टनर ह्यांनी तोडलेल्या जमिनी स्वस्तात घेतल्या व बियांसाठी काही झाडे उभी ठेवली. सन १९१० मध्ये संस्थानात कायदा झाला की, रान वाढविण्याचा करार करणाऱ्याच्या अशा जमिनीची आकारणी दीर्घ मुदतीपर्यंत हलक्या दराने कायम राहावी. सन १९१३ मध्ये त्यांनी २५ हजार एकरांहून अधिक जमिनीचा करार केला.

परंतु कराराने रोप वाढत नाही. हे पाइन पहिली काही वर्षे गवताच्या ठोंबासारखे राहते व सोटमूळ खोल धाडते. त्या मुळाची जाड साल मोकाट डुकरांस फार आवडते. ती शेकडो रोपे उकरून खातात. कुंपणातील व मोकळे असे तुकडे शेजारी राखले, तेव्हा कुंपणाआड रोपे जगली, बाहेर जवळजवळ उरली नाहीत.

वणव्यासही त्यांनी प्रथम पूर्ण मज्जाव केला होता. पण येल विद्यापीठाचे प्राध्यापक चॅपमन ह्यांनी युरेनियात प्रयोग करून सन १९२६ मध्ये दाखविले की, कोवळे रोप जाळात मरते हे खरे. तथापि ते ठोंबासारखे झाल्यावर योग्य वेळी बेताने जाळल्यास पानांचा रोग हटतो, वाळले गवत साचत नाही व पुढील मोठा वणवा टळतो.

हार्टनर सन १९३५ मध्ये वारले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील आजचे बहुतेक पाइनचे लाकूड अशा पुन्हा वाढविलेल्या रानांतूनच येते. ज्यांच्या खाती पडीक वा माळजमीन आहे, त्यांनी झाडे लावण्यापूर्वी आकारणी व गुरांची चराई ह्या दोहोंचा हिशेब आधी मांडावा, अशी आमची सूचना आहे. रोपांचा खर्च त्यानंतरचा.