पंप गेला, की पेट्रोलची वाट अडली?

पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या जुन्या मोटारींची परीक्षा खंबाटकी घाटाने वर्षानुवर्षे घेतली आहे. वैशाखातील दुपार, पुढे मालमोटारींची रांग, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये; अशा वेळी इंजिन दोन-तीन आचके देते आणि बंद पडते. गाडी गॅरेजपर्यंत ओढत नेली की निदान अनेकदा एका वाक्यात होते : ‘पंप गेला.’ नवा पंप बसतो, बिल चुकते होते आणि आठवड्याभरात पेठ नाक्याच्या पुढे तीच गाडी त्याच दुखण्याने पुन्हा थांबते. सातारा ते सांगली हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरचे. एखाद्या कुटुंबाला रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन मिरज गाठायची असेल, तर या चुकीच्या निदानाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

येथे पंप म्हणजे पेट्रोल भरण्याचे ठिकाण नव्हे, तर टाकीतील पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवणारा गाडीतील पंप. तो दोन प्रकारचा असतो. प्रीमियर पद्मिनी, जुनी अॅम्बेसेडर आणि कार्बोरेटर असलेली मारुती ८०० यांत तो इंजिनावर बसवलेला असतो. कॅमशाफ्टच्या फिरण्याबरोबर त्याचा दांडा हलतो, आतील रबरी पडदा वर-खाली होतो आणि पेट्रोल खेचले जाते. जुने मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. त्याचा दाब अगदी कमी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास असतो. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि छोट्या गाड्यांतही कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. तेव्हापासून पंप टाकीच्या आत गेला. तो विजेवर चालतो आणि त्याचा दाब बहुतेक गाड्यांत अडीच ते तीन किलोपर्यंत असतो.

लक्षणे काय सांगतात?

सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी चढावर दम सोडते, वेग वाढवताच आचके देते, सकाळी बराच वेळ सेल मारल्याशिवाय सुरू होत नाही. ही पंप थकल्याची ओळखीची लक्षणे आहेत. मात्र फिल्टर तुंबला, रबरी नळीला चीर गेली किंवा टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले, तरी नेमके हेच घडते. म्हणून तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू करावी. प्रथम टाकीत पेट्रोल खरोखर आहे ना, हे पाहावे. जुन्या गाड्यांच्या काट्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. त्यानंतर एक प्लग काढून ठिणगी तपासावी. ठिणगीच नसेल, तर पंपाला बोल लावणे व्यर्थ आहे. ही तपासणी मात्र पेट्रोलची कोणतीही नळी सोडण्यापूर्वीच उरकावी.

घाटातील थांब्याला आणखी एक कारण असते. इंजिनाच्या उष्णतेने पंपात किंवा नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पडदा वाफेवर नुसताच हलत राहतो. अशा वेळी पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवण्याची युक्ती जुन्या चालकांना ठाऊक असते. फडके ठेवल्यावर काही मिनिटांत गाडी सुरू झाली, तर पंप बदलण्याची घाई करू नये. नळी इंजिनाच्या तापलेल्या भागाला टेकली आहे का आणि पंपाखालील जाड पॅकिंग जागेवर आहे का, हे आधी पाहावे. तापलेल्या इंजिनावर थेट पाणी ओतणे मात्र टाळावे. विजेचा जुना पंपही तापल्यावर बंद पडतो आणि निवल्यावर पुन्हा चालतो. त्यामुळे ‘थोड्या वेळाने सुरू झाली’ एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

बाटलीची कसोटी

कार्बोरेटरच्या गाडीत खात्रीची चाचणी सोपी आहे. इंजिन थंड असताना कॉइलला वीज देणारी तार काढावी, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक झाकण असलेल्या पारदर्शक बाटलीत सोडावे आणि काही सेकंद सेल मारावा. पेट्रोल ठरावीक लयीत, जोरात आले तर पंप शाबूत आहे. धार बारीक असेल किंवा बुडबुडे येत असतील, तर टाकीकडून येणारी नळी आणि फिल्टर तपासावा. तिथेही दोष सापडला नाही, तरच पंपाकडे बोट दाखवावे. इंजिन ऑइलची डिपस्टिकही काढून पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर पडदा फाटून पेट्रोल इंजिनात उतरते आहे. अशी गाडी चालवू नये.

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच मागच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक घरघर ऐकू येते. ती आली नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि पंपापर्यंत पोहोचणारी वीज तपासावी. गंजलेली अर्थिंगची तारही पंप निकामी झाल्याचा भास निर्माण करते. घरघर येऊनही गाडी ओढत नसेल, तर दाबमापक लावल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. कंपनीने सांगितलेला दाब मिळत नसेल, तर जाळी, फिल्टर आणि दाब नियंत्रित करणारी झडप पाहून मगच पंप बदलावा.

ऊस, इथेनॉल आणि महापूर

या भागाला या विषयात एक वेगळे स्थान आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांतील एक सांगली जिल्ह्यातील मिरजेत होता. दुसरा मनमाडला आणि तिसरा उत्तर प्रदेशात. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. कृष्णाकाठच्या उसाला त्यामुळे नवी बाजारपेठ मिळाली. परंतु जुन्या गाड्यांतील रबर या मिश्रणासाठी घडवलेले नव्हते. काही जातींचे रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ पडते आणि पुढे चिरते. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळही सुटतो आणि जाळीत अडकतो. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग व पॅकिंग वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये म्हटले होते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषून घेते. त्याची मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीच्या सखल भागात पाणी शिरले होते. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचा पंप बदलण्यापूर्वी टाकीतील पेट्रोल बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. तळाला वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय नवा पंप बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

बदलताना

पंप बदलण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. काम मोकळ्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते. जवळ विडी-सिगारेट किंवा उघडा दिवा नसावा, कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे आणि तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय कायमची सोडावी. इंजिनावरील पंप दोन नट किंवा बोल्टवर बसतो. जुने पॅकिंग खरवडून जागा स्वच्छ करावी आणि नवे पॅकिंग मूळच्याच जाडीचे घ्यावे. जाडी बदलली की दांड्याची हालचाल कमी-जास्त होते. दोन्ही बाजू आलटून-पालटून सारख्या आवळाव्यात. ऑइलमध्ये पेट्रोल उतरले असेल, तर ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

टाकीतील पंपाच्या बाबतीत आधी नळीतील दाब उतरवावा लागतो. त्यासाठी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात आणि त्यानंतरच बॅटरी सोडवतात. काही गाड्यांत मागच्या सीटखालील झाकणातून पंप निघतो, काहींत टाकीच उतरवावी लागते. हे काम माहीतगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. जाळी आणि झाकणाखालील रबरी कडी नवी घालावी. हा पंप पेट्रोलनेच थंड राहत असल्याने टाकी सतत तळाला नेण्याची सवय त्याचे आयुष्य घटवते.

दोन्ही प्रकारांत पंपाबरोबर रबरी नळ्या आणि क्लिपा बदलाव्यात आणि त्या वीस टक्के इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोरडा आहे की नाही, हे पाहावे आणि मगच घाटाची वाट धरावी. मिस्त्रीकडून जुना पंप, फिल्टर आणि जाळी मागून घेणे हा वाहनधारकाचा हक्क आहे. फाटलेला पडदा किंवा गाळाने काळी पडलेली जाळी पाहिली की दुखणे नेमके कुठे होते, हे डोळ्यांना दिसते. आणि पडदा धडधाकट निघाला, तर खरे दुखणे अजून गाडीतच आहे, हेही वेळीच कळते.