दुकानाच्या पायरीवरचा नियम

एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या साथीत, किराणा दुकानांच्या दारात दोरी आली. कुठे सुतळी, कुठे नायलॉनची, कुठे दोरीऐवजी आडवं टेबल, कुठे तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांवर टाकलेली फळी. आत दुकानदार, बाहेर गिऱ्हाईक. पाठोपाठ रस्त्यावर चुन्यानं आखलेले चौकोन आले, मास्कशिवाय माल मिळणार नाही अशी पाटी आली, सॅनिटायझरची बाटली आली, कपाळासमोर धरायची तापमापी आली. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्य सरकारनं निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक झाला. तोवरच्या दोन वर्षांत यातलं बरंचसं केव्हाच गळून गेलं होतं. चुना पहिल्या पावसात गेला, तापमापीचे सेल संपले. दोरी मात्र पुष्कळ ठिकाणी शेवटपर्यंत होती.

याचं कारण साधं आहे. चौकोनात उभं राहायला माणसाला दर वेळी आठवण लागते. दोरी ओलांडायची नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. "आपले लोकच बेशिस्त" हे त्या काळात फार सहज बोललं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दुकानातली शिस्त माणसाच्या स्वभावापेक्षा दुकानाची मांडणी, वेळ आणि काउंटरवरचा व्यवहार यांवर ठरते. ती कशी ठरते हे नीट पाहायचं तर माधवनगरसारखं गाव सोयीचं आहे.

सांगलीहून बुधगावकडे जाताना माधवनगर लागतं. एकेकाळी बुधगावच्या पटवर्धन संस्थानातलं हे गाव, कापडगिरणी आणि यंत्रमागांवर वाढलेलं. शनिवार पेठ, रविवार पेठ अशा वारांच्या नावांच्या पेठा आहेत. महापालिकेच्या हद्दीला खेटून असलं तरी ग्रामपंचायत स्वतःची. अशा गावातली जुनी दुकानं रस्त्याकडे तोंड करून बांधलेली, पुढून सताड उघडी असतात. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून माल मागतं, दुकानदार आतून काढून देतो. आत फिरून, हातानं उचलून, टोपलीत टाकून बिल करायचं ही पद्धत नंतरची.

सांगली जिल्ह्यात कोरोनाची पहिली मोठी बातमी इस्लामपूरची. सौदी अरेबियातून परतलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांना लागण झाल्याचं 23 मार्च 2020 ला कळलं आणि थोड्याच दिवसांत त्या एका साखळीतली रुग्णसंख्या पंचवीसपर्यंत पोचली. लागण मुख्यतः घरात, नात्यात पसरली. आजार कसा फिरतो याचं ते अगदी जवळून दिसलेलं उदाहरण होतं: बंद जागा, जवळचं बोलणं, जास्त वेळ.

दुकानालाही हेच तीन निकष लावायचे. बोलताना, खोकताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात. अगदी बारीक कण मात्र विडीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात आणि बंद खोलीत साचत जातात. सुरुवातीचे नियम मोठ्या थेंबांचा आणि पृष्ठभागांवरच्या विषाणूंचा विचार करून बनले होते, म्हणून सहा फुटांचं अंतर, म्हणून नोटा आणि भाज्या धुणं. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहून हवेतल्या बारीक कणांकडे लक्ष वेधलं. 2021 उजाडल्यावर संघटनेनंही बंद, कोंदट जागेतल्या या प्रसाराला आपल्या माहितीत ठळक जागा दिली.

हे ध्यानात घेतलं की दोरीचं खरं काम कळतं. दोरीनं अंतर ठेवलं, हे झालंच. पण तिनं गिऱ्हाइकाला उघड्या हवेत उभं केलं, हे त्याहून मोठं काम. बाहेर वारा आहे, कण साचत नाहीत. पुढून उघडं असलेलं जुनं दुकान या बाबतीत काचेचं दार लावलेल्या वातानुकूलित मार्टपेक्षा सुरक्षित होतं. मार्टमध्ये दारात हातावर सॅनिटायझर, कपाळावर तापमापी, वहीत नाव आणि मोबाईल नंबर असा सगळा सरंजाम असे, आणि आत पंचवीस माणसं तीच ती थंड हवा अर्धा तास घेत असत. आपल्याला त्या दाराशीच सुरक्षित वाटायचं. काउंटरवर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पडद्याचंही तसंच. समोरून उडणारा थेंब तो अडवतो, पण हवा खेळायची वाट बंद करत असेल तर फायद्यातला बराच भाग परत घेतो.

मास्कचं काम दुहेरी. घालणाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडणारे कण अडवायचे आणि बाहेरचे आत येताना गाळायचे. साध्या कापडी मास्कला पहिलं काम दुसऱ्यापेक्षा बरं जमतं, म्हणून काउंटरच्या दोन्ही बाजूंनी तो असला तरच पुरता उपयोग. नाक उघडं राहिलं तर श्वासाची मुख्य वाटच उघडी राहिली. हे लोकांना माहीत नव्हतं असं नाही. मग मास्क हनुवटीवर का यायचा?

काउंटरपाशी उभं राहून पाहिलं की उत्तर मिळतं. एप्रिलचं ऊन, पत्र्याची पडवी, मागून ट्रॅक्टर जातोय. गिऱ्हाईक म्हणतं "पाव किलो शेंगदाणे", दुकानदाराला "फुटाणे" ऐकू येतं. तो "काय?" म्हणतो. आणि नेमकं ज्या क्षणी दोघांनी मास्क वर ठेवायला हवा त्याच क्षणी दोघांचेही मास्क खाली येतात, वर आवाजही चढतो. मोठ्यानं बोललं की तोंडातून कण जास्त बाहेर पडतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. ज्यांना कमी ऐकू येतं ते म्हातारे लोक समोरच्याच्या ओठांकडे पाहून समजून घेतात, त्यांची तर आणखी पंचाईत.

"काकू, मास्क वर घ्या की."

"लावलाच हाय रं बाबा, बोलायला खाली घेतला. जीव कोंडतोय."

"मग बोलू नका, यादी द्या."

या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. यादी कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर आली की बोलणं संपतं, मास्क खाली घ्यायचं कारण संपतं आणि पायरीवरचा वेळही घटतो. ज्या दुकानांनी यादी घेऊन पिशवी भरून ठेवायची पद्धत लावली, साखर, तूरडाळ, रवा रात्रीच अर्ध्या-एक किलोच्या पुड्यांत बांधून ठेवले, त्यांनी कुणालाही न रागावता तिन्ही गोष्टी साधल्या.

वेळेचं गणित मात्र सविस्तर मांडायला हवं, कारण सर्वात मोठी चूक तिथे झाली असं माझं मत आहे. दुसऱ्या लाटेत, 20 एप्रिल 2021 च्या आदेशानं, किराणा आणि भाजीपाल्याची दुकानं सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी ठेवायची असं ठरलं. हेतू चांगला होता, लोकांनी बाहेर कमी पडावं. पण डाळ-तांदूळ लागणाऱ्या घरांची संख्या आदेशानं कमी होत नाही.

समजा एका दुकानात दिवसाला 240 गिऱ्हाइकं येतात. माल द्यायला दोघं जण आहेत आणि एका गिऱ्हाइकाला 5 मिनिटं लागतात. म्हणजे दुकान तासाला 24 जणांना वाटेला लावू शकतं. बारा तास उघडं असेल तर तासाला सरासरी 20 जण येतील. काउंटरला दोघं, कधी मागे एखाद-दुसरा. अंतर आपोआप राहतं, चौकोन आखायचीही गरज नाही. आता तेच 240 चार तासांत आणा. तासाला 60 येणार, 24 बाहेर पडणार, म्हणजे आठ वाजता पायरीखाली 36 जण ताटकळत उभे. सहा फुटांचं अंतर पाळायचं म्हटलं तर ही रांग दोनशे फुटांच्या पुढे जाते, शेजारच्या दहा-बारा दुकानांच्या तोंडावरून. त्या प्रत्येक दुकानाचीही तशीच रांग. पेठेच्या रस्त्यात एवढी जागा नाही. आणि 11 वाजेपर्यंत हे दुकान फार तर 96 जणांना माल देईल. 144 जण रिकाम्या पिशवीनं परत जातील. हे ज्याला एकदा कळलं तो दुसऱ्या दिवशी साडेसहालाच येऊन उभा राहणार आणि रांगेत रेटारेटी करणार. त्याला बेशिस्त म्हणून मोकळं होता येत नाही, घरात पीठ संपलेलं असतं.

यादीची पद्धत इथेच उपयोगी पडते. यादी द्यायला एक मिनिट, दुसऱ्या दिवशी भरलेली पिशवी घेऊन पैसे द्यायला एक मिनिट. पिशव्या भरायचं काम दुकान बंद झाल्यावर. मग तेच दोघं जण तासाला 60 जणांना मोकळं करतात आणि 240 चार तासांत बसतात. त्याच आदेशात घरपोच मालाला संध्याकाळी 8 पर्यंत मुभा होती. ज्यांच्याकडे पोरगा आणि मोटारसायकल होती त्यांनी ती वापरली. एकट्यानं चालवलेल्या दुकानाला ते परवडणारं नव्हतं.

जून 2020 च्या सम-विषमलाही हेच गणित लागू होतं. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एका दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. निम्मी दुकानं बंद म्हणजे उघड्यांवर दुप्पट भार. पुढे 2 ऑगस्ट 2021 च्या आदेशानं राज्यात बहुतेक ठिकाणी दुकानं रात्री 8 पर्यंत उघडली, पण सांगली, सातारा, कोल्हापूरसह 11 जिल्हे जुन्याच निर्बंधांत, दुपारी 4 च्या मर्यादेत राहिले. जुलैतल्या कृष्णेच्या पुरातून सांगली अजून सावरत होती. व्यापाऱ्यांचा संताप मला समजतो.

उलट दिशेनं जाणारं उदाहरण रेशन दुकानाचं. एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो मोफत धान्य वाढीव मिळू लागलं, रांगा वाढल्या, आणि प्रत्येकानं एकाच यंत्रावर अंगठा टेकवायचा. शासनानं काही काळासाठी कार्डधारकाऐवजी दुकानदाराच्या अंगठ्यानं व्यवहार करायला मुभा दिली. एक स्पर्श गेला, आणि अंगठा उमटत नाही म्हणून म्हातारी माणसं दहा मिनिटं अडकून पडायची तेही वाचलं.

आता अंमलबजावणी. केंद्राच्या मे 2020 च्या नियमांत दुकानात एका वेळी पाचहून अधिक गिऱ्हाइकं नकोत आणि सहा फुटांचं अंतर हवं, असं होतं. ते पाळून घ्यायचं कुणी? दुकानदारानं. त्याची अडचण फार कमी लोकांनी समजून घेतली. समोरच्या माणसाची उधारी त्याच्या वहीत आहे, पगार झाला की ती चुकती होणार आहे, आणि पलीकडे दुसरं दुकान आहे. असा माणूस गिऱ्हाइकाला दरडावू शकत नाही. म्हणून तो म्हणायचा, "दादा, मास्क लावा, पथक फिरतंय, आम्हाला दंड होतो." दोष पथकावर गेला, दादांचा मान राहिला, मास्क वर आला. दंडाचा खरा उपयोग वसुलीपेक्षा हा होता: दुकानदाराच्या हातात एक सबब दिली. नोव्हेंबर 2021 च्या आदेशात मास्क नसलेल्याला 500 रुपये, तो ज्या दुकानात सापडेल त्या दुकानाला 10 हजार आणि दुकानानंच नियम मोडला तर 50 हजार असा दंड होता. तोंडाला बांधलेला रुमाल मास्क धरणार नाही, हेही त्यात स्पष्ट होतं.

पण याच सबबीचा तोटाही झाला. मास्क पथकासाठी लावायचा, असं मनात बसलं. पथक दिसलं की वर, गेलं की खाली. 1897 चा साथरोग कायदा प्लेगच्या काळात झाला. त्याच्या जोरावर पुण्यात सैनिक घराघरांत शिरले, त्यातून लोक रुग्ण लपवू लागले. 2020 मध्ये तोच कायदा पुन्हा काढला गेला. त्या तुलनेत दुकानाच्या पायरीवरची "दादा, लावा की" ही विनंती मला फार मोलाची वाटते. आणि ती करणाऱ्याच्या स्वतःच्या नाकावर मास्क असेल तरच ती चालायची. रांगेतले पुढचे तिघं मास्कमध्ये असले की चौथा न सांगता उपरणं वर ओढायचा, पुढचे मोकळे असले की चौथाही मोकळा.

तापमापी आणि सॅनिटायझरबद्दल थोडक्यात. लागण झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आधीपासूनच विषाणू पसरवतो, त्यामुळे कपाळावरच्या आकड्यानं फारसं काही कळत नाही. मनगटावर धरलं तर 33 अंशही दिसायचे आणि वहीत तेच लिहिलं जायचं. सॅनिटायझरमध्ये किमान 60 टक्के अल्कोहोल हवं. आसवनी असलेल्या साखर कारखान्यांनी ते बनवायला घेतलं तेव्हा टंचाई संपली, पण बाटली पुरवायची म्हणून पाणी घातलं की त्या बाटलीचा उपयोग संपला. साबणानं हात धुणं केव्हाही बरं.

पुन्हा अशी साथ आली तर माधवनगरसारख्या गावात काय करावं, हे या सगळ्यावरून सांगता येतं. मे 2020 मध्ये वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद ठेवावी लागली, कारण एवढ्या मोठ्या बाजाराची गर्दी आयत्या वेळी पांगवता येत नाही. गावात ते जमतं. भाजीवाल्यांना मैदानावर लांब लांब बसवायचं, मार्टनी दारं-खिडक्या उघडून वातानुकूलन यंत्र बंद ठेवायचं, किराणावाल्यांनी दोरी बांधून यादी घ्यायची. आणि दुकानांची वेळ कमी करायच्या ऐवजी वाढवायची: सकाळी 6 ते रात्री 9, पहिला तास म्हाताऱ्यांसाठी. वरचेच 240 जण पंधरा तासांत आले तर तासाला 16 होतात, आणि दोघांचं दुकान 24 जणांना माल देऊ शकतं.