डासांना औषधाची सवय होते का?

फवारणीनंतरही डास उरले की ‘त्यांना औषधाची सवय झाली’ असे आपण म्हणतो. एखाद्या डासाला अशी सवय होत नाही. कीटकनाशक-प्रतिकार (मारक मात्रेतही तगण्याचा आनुवंशिक गुण) मोजक्या डासांत जन्मतःच असतो. चाळणी ज्वारीचा दाणा मोठा करत नाही, बारीक तेवढे गाळते. फवारणीनेही चिवट तेच उरतात, पुढची पिढी त्यांचीच होते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही चाळणी शेतातही चालते, आणि नेमके तेच नजरेतून सुटते. कपाशीवरचे सायपरमेथ्रिन आणि मच्छरदाणीवरचे डेल्टामेथ्रिन एकाच पायरेथ्रॉइड गटातले (शेवंतीच्या जातीतील फुलातल्या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेली कीटकनाशके). पावसाने सायपरमेथ्रिन शेतालगतच्या डबक्यात उतरले की डासांच्या अळ्यांचीही निवड होते. तिथे मात्रा वाढवून भागत नाही, गट बदलावा लागतो.