दात आणि चिनी माती यांच्यामधली फट

दाताला कॅप ‘सिमेंटने चिकटवली’ असे आपण सहज म्हणतो. पण शंभरहून अधिक वर्षे वापरात असलेले झिंक फॉस्फेटचे सिमेंट तसे चिकटत नाही. ते दात आणि कॅप यांच्यामधली फट भरते. कॅप टिकते ती आकाराच्या जोरावर. डॉक्टर दात चहूबाजूंनी तासून त्याच्या भिंती जवळजवळ समांतर करतात आणि डब्याला घट्ट झाकण बसावे तशी कॅप त्यावर बसते. या पद्धतीची किंमत दात मोजतो. चिनी मातीच्या कॅपसाठी त्याचा एक-दीड मिलिमीटरचा थर सगळ्या बाजूंनी जातो. गेलेले एनॅमल परत येत नाही. म्हणून ‘चिकटते की अडकते’ हा प्रश्न मला शब्दांचा कीस वाटत नाही.

चिकटवण्याची सुरुवात दाताच्या बाजूने झाली. 1955 साली अमेरिकेत रोचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर यांनी एनॅमलवर 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल तीस सेकंद ठेवले. रंग धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर हे आम्ल वापरत, तिथून त्यांनी ही कल्पना उचलली. गिलाव्याआधी गवंडी काँक्रीटला टाचे मारतो, तेच काम आम्ल सूक्ष्म प्रमाणावर करते. पातळ रेझिन त्या खाचांत शिरते आणि तिथेच कडक होते. पुढे राफेल बोवेन यांनी दातांसाठी जे रेझिन घडवले (पेटंट 1962 चे), त्याचे वंशज आजच्या बहुतेक रेझिन सिमेंटमध्ये सापडतात.

राहिली दुसरी बाजू. भाजलेल्या सिरॅमिकला फॉस्फोरिक आम्ल खाचा पाडू शकत नाही. त्याला लागते हायड्रोफ्लोरिक आम्ल, जे काच विरघळवते. 1983 साली रिचर्ड सायमन्सेन आणि जॉन कॅलामिया यांनी या आम्लाने खरवडलेल्या पोर्सिलीनला रेझिन चांगले धरते असे दाखवले, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या ‘व्हिनीअर’चा रस्ता मोकळा झाला. किती वेळ आम्ल ठेवायचे हे पदार्थावर ठरते. लिथियम डायसिलिकेटला 5 टक्के आम्ल वीस सेकंद पुरते; जुन्या धाटणीच्या पोर्सिलीनला मिनिटभर किंवा जास्त लागते. हे आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून जिथे ते वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी हवीच.

खाचा पडल्यावर सिलेन लावतात. या रेणूचे एक टोक सिरॅमिकमधल्या सिलिकाला धरते, दुसरे रेझिनच्या साखळीत गुंफले जाते. मला या साऱ्या प्रकरणात हा दोन हातांचा मध्यस्थ सर्वांत देखणा वाटतो.

आणि इथेच झिर्कोनिया घोळ घालते. रुग्णाला तीही पांढरी, तीही ‘सिरॅमिक’. पण तिच्यात काच नाही, सिलिका नाही. त्यामुळे वीस सेकंदांच्या आम्लाने तिला काही होत नाही आणि नुसत्या सिलेनला धरायला तिथे काही सापडत नाही. तिच्या आतल्या बाजूवर ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा कमी दाबाने मारा करतात. मग एमडीपी नावाचा रेणू असलेले प्रायमर किंवा सिमेंट लावतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधून आलेल्या या रेणूचे फॉस्फेटचे टोक झिर्कोनियाला धरते.

गंमत अशी की हेच फॉस्फेट वैरीही होते. कॅप बसते का हे पाहायला ती तोंडात घालतात, तेव्हा लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियावर जाऊन बसते आणि एमडीपीसाठी जागा उरत नाही. ती फॉस्फोरिक आम्लाने धुवावी, तर आणखी फॉस्फेटची भर. कल्हईवाला भांडे नवसागराने साफ केल्याशिवाय कथील फिरवत नाही. इथेही साफसफाई हवीच, पण ती पुन्हा कणांचा मारा करून किंवा त्यासाठीच्या खास द्रावाने. एनॅमलवर ज्या आम्लाने ही विद्या सुरू झाली, ते झिर्कोनियाच्या आत मात्र नको.

प्रत्येक कॅप अशी चिकटवावीच लागते असे नाही. दात पुरेसा उंच असेल, भिंती नीट असतील, तर झिर्कोनियाची कॅप साध्या सिमेंटवरही वर्षानुवर्षे राहते. पातळ व्हिनीअरला मात्र सांध्याशिवाय दुसरा आधार नाही, आणि आखूड दातावरच्या कॅपचीही बरीच भिस्त त्याच्यावरच असते. त्यातही तो एनॅमलवर असेल तर चांगला. खालचे डेंटिन सूक्ष्म नळ्यांचे आणि ओलसर, तिथली पकड काळाबरोबर अधिक लवकर सैल पडते. म्हणजे आधी भरपूर तासून मग महाग सिमेंट वापरणे हा उलटा व्यवहार झाला.

आपल्याकडे कॅपबरोबर वॉरंटीचे कार्ड मिळते. त्यावर पदार्थाचे नाव असते आणि वर्षे असतात. ती कशाने व कशी बसवली याचा उल्लेख मी पाहिलेल्या कार्डांवर नव्हता. खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी विचारता येतात: पदार्थ काचेचा की झिर्कोनिया, आतल्या बाजूवर काय करणार, आणि सिमेंट लावताना दात लाळेपासून कोरडा कसा ठेवणार. तिसऱ्याचे चांगले उत्तर बहुधा रबर डॅम हे असते. दाताभोवती ताणून बसवायचा तो रबराचा पातळ पडदा रुग्णाला नकोसा वाटतो, आणि घाईच्या दिवशी सगळ्यांत आधी गाळला जातो तोही तोच.