आधी आहारतज्ज्ञ, मग डॉक्टर?

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत बचतीपेक्षा लेकींच्या प्रवेशाचीच चर्चा जास्त रंगते. यंदा तीन-चार गटांतून एकच प्रश्न आला. पोरीला डॉक्टर व्हायचंय, पण नीटला मार्क कमी पडले. कुणीतरी सुचवलं, आधी आहारतज्ज्ञाचा कोर्स करू दे, हातात काहीतरी राहील आणि त्यावरून पुढे डॉक्टरकीला जाता येईल. तर करावा का?

यातलं ‘त्यावरून पुढे’ आधी तपासू, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे एमबीबीएसला प्रवेश मिळतो तो बारावी आणि नीटवर. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. आहारशास्त्राची पदवी असली म्हणून नीटमध्ये एक मार्क वाढून मिळत नाही, वेगळी जागा नसते की दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश नसतो. पदवीधर मुलगी आणि बारावीची मुलगी एकाच रांगेत उभ्या. पेपर ७२० मार्कांचा, प्रश्न १८०, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे. उत्तर चुकलं की एक मार्क कापला जातो. आहारशास्त्र शिकताना शरीराची माहिती चांगली होते, रसायनशास्त्रही थोडं हाताखाली राहतं. भौतिकशास्त्र मात्र सुटतं ते सुटतंच. आणि जिची बारावी आर्ट्‌समधून झाली आहे, तिला होम सायन्सला प्रवेश मिळेलही, पण त्या पदवीने बारावीच्या विज्ञान विषयांची जागा भरून निघत नाही.

मग हा सल्ला येतो कुठून? बराचसा मोबाईलवरच्या व्हिडिओंतून. अमेरिकेत मेडिकल कॉलेजला जाण्याआधी साधारण चार वर्षांची पदवी घ्यावीच लागते. तिथल्या मुलीने ती पदवी आहारशास्त्रात घेतली तर तिचं एकही वर्ष वाया जात नाही. तिकडची ही वाट खरी आहे, पण आपल्या तालुक्यातून ती जात नाही.

आता वर्षांचा हिशेब मांडू. अठराव्या वर्षी बारावी. पदवीची तीन वर्षं, नव्या धोरणातला ऑनर्सचा कोर्स असेल तर चार. त्यावर आहारशास्त्राचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा किंवा दोन वर्षांची एमएस्सी. मग रुग्णालयात सहा महिने प्रत्यक्ष काम, आणि त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही परीक्षा. म्हणजे मुलगी तेवीस वर्षांची झाली. तिथून नीटची तयारी एक वर्ष आणि एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. तिशी आलीच. तीच मुलगी आत्ता एक वर्ष थांबून नीट पास झाली तर पंचविशीच्या आत डॉक्टर होते. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे कायद्याने दार उघडं आहे. पण तेविसाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं म्हटल्यावर घरात पहिला विषय कोणता निघतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. डॉक्टरच व्हायचं असेल तर आहारशास्त्र ही पायरी समजू नका. एक वर्ष नीटची पुन्हा तयारी करू द्या, आणि ते एक वर्ष पूर्ण द्या. सकाळी शेण-पाणी, दुपारी रानात आणि रात्री अभ्यास, असं अर्धं वर्ष देऊन निकालाला तिला बोल लावायचा नाही. पेपर मराठीतूनही देता येतो, पण सराव कोणत्या भाषेत करायचा ते पहिल्या दिवशीच ठरवा. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर सगळ्यांनी मिळून बसा. बीएएमएस आहे, बीएचएमएस आहे, नर्सिंग आहे.

आता दुसरी बाजू. आहारतज्ज्ञाचं काम डॉक्टरकी हुकलेल्यांचं आहे असं समजू नका. आपल्याकडे किती जणी म्हणतात, ‘साखर आहे ना, मग ज्वारीची भाकरी कितीही खा!’ ज्वारीतही पिठूळ पदार्थच असतो. तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. किती खायची, सोबत डाळ-उसळ किती, इन्सुलिन किती वाजता घेतलं आणि जेवण किती वाजता, हा सगळा मेळ आहारतज्ज्ञ घालते. मूत्रपिंडाच्या पेशंटचं तर आणखी वेगळं. पालेभाजी, नारळपाणी, केळं, जे आपण आजाऱ्याला प्रेमाने देतो, त्यातलं पोटॅशियम त्याच्या शरीरात साचून हृदयावर येऊ शकतं. मग भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, असं घरच्या बाईला समजेल तसं सांगावं लागतं. नळीवाटे अन्न चालू असलेल्या पेशंटला दिवसात किती आणि काय द्यायचं, हेही तीच ठरवते. जिल्हा रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात अतितीव्र कुपोषित बाळं भरती होतात, तिथेही आहारतज्ज्ञ लागते. औषध लिहायचा अधिकार मात्र तिला नाही.

ज्या मुलीला हे ऐकून उत्सुकता वाटते आणि घराला जिची चार-पाच वर्षांत कमाई हवी आहे, तिने हा कोर्स जरूर करावा. पण याच कामासाठी करावा. एक अडचण आधीच सांगते. गावच्या छोट्या दवाखान्यात ही जागा नसते. नोकरी पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयांत. मुलीला तिकडे राहू द्यायची तयारी आहे का, ते आधी घरात बोला. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघून भुलू नका. मागच्या दोन वर्षांच्या मुली कुठे लागल्या आणि पगार किती, हे त्या मुलींनाच विचारा.

तीन महिन्यांचं सर्टिफिकेट देऊन वजन कमी करायची पावडर विकायला लावतात, तो आहारतज्ज्ञाचा कोर्स नव्हे. घरबसल्या पदवीचंही तसंच. आहारशास्त्र आता २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याखाली येतं, आणि २०२५ पासून यूजीसीने या विषयाचे दूरशिक्षणाचे व ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. कुणी पत्राद्वारे प्रवेश देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. या कायद्यामुळे प्रवेशाचे नियमही बदलत आहेत, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच फॉर्म भरा.

पैशाचंही बोलू. क्लासच्या फीसाठी गटाकडे लाखाची मागणी येते. महिना दोन टक्क्यांनी लाखावर पहिल्याच महिन्याचं व्याज दोन हजार, आणि मुलगी तर अजून शिकतेच आहे. कॉलेजच्या प्रवेशासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. शिवाय २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबातल्या, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही. साध्या बीएस्सीला ती लागू आहे का, हे कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारून घ्या.

कोणतीही वाट धरली तरी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर लागणारच. जात पडताळणीला वेळ लागतो, तो अर्ज मुलगी अकरावी-बारावीत असतानाच करा. आणि वर्ष थांबणार असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही तयार ठेवा.