आईची मांडी आणि मोटारीचा वेग

मुंबईहून कोलकात्यास जाणारा राष्ट्रीय महामार्ग नागपूर ओलांडून छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे येतो. रायपुरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सणासुदीस याच मार्गाने नागपुराकडे निघतात. अशा प्रवासात तान्हे मूल बहुधा आईच्या मांडीवर असते. मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, असा सर्वांचा विश्वास! घरात तो खरा आहे. धावत्या मोटारीत मात्र तो टिकत नाही.

याचे कारण न्यूटनच्या पहिल्या नियमात सापडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून थांबली, तरी आतील मूल त्याच वेगाने पुढे जात राहते. सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते, तेव्हा तिचा वेग एवढाच असतो. १० किलोग्रॅम वजनाचे मूल ६० सेंटिमीटर अंतरात थांबवावयाचे, तर सुमारे १६० किलोग्रॅम वजन पेलण्याइतके बल लागते. ते कोणत्याही मातेच्या बाहूंत नसते. तिने स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिच्या देहाचा भारही मुलावरच येतो.

यावर उपाय म्हणजे मोटारीस घट्ट जखडलेले बालासन. तान्ह्या मुलाचे डोके देहाच्या मानाने जड व मान कोवळी असते. म्हणून स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६० नंतरच्या दशकात, अंतराळवीरांच्या आसनावरून कल्पना घेऊन, मागे तोंड केलेले बालासन सिद्ध केले. त्यात आघात पाठ, मान व डोके यांवर सारखा विभागला जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानानुसार, बालासनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील मुलांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर १ ते ४ वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो. मात्र पुढे एअरबॅग चालू असेल, तर हे आसन तेथे कदापि ठेवू नये. तिच्या धक्क्याने मूल दगावू शकते. मागील आसन हीच त्याची योग्य जागा होय.

थोड्या मोठ्या मुलास प्रौढांचा पट्टा मानेवर व पोटावर येतो. तो खांद्यावरून व कमरेच्या हाडावरून जावा, म्हणून मुलाखाली उंच बैठक द्यावी लागते.

भारतात २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १४ वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बालासन यांवाचून नेणे दंडनीय ठरविले असून दंड १,००० रुपये आहे. परंतु पट्टा बांधावयाचा तो दंडाच्या भयाने नव्हे. नागपूरचा प्रवास असो वा रायपुरातील बाजाराची फेरी, मुलाचा पट्टा तपासल्यावाचून मोटार सुरू करू नये.