‘मशीनचा पार्ट आहे, मशीनमध्येच टाका!’

भोसरीतल्या वर्कशॉपपासून न्हावा-शेव्याच्या कंटेनर यार्डापर्यंत एक वाक्य सारखं कानावर पडतं. “अहो, हा आमच्या मशीनचाच पार्ट आहे. मशीनच्या हेडिंगमध्ये ‘पार्ट्स’ म्हणून टाकून द्या.” माल काय असतो? सीएनसी मशीनसाठी मागवलेला कॉन्टॅक्टर, सर्वो मोटर, पीएलसी, चार-दोन केबल. त्यावर पुढचा युक्तिवाद तयारच असतो. “दुसरीकडे कुठे वापरणारच नाही, हवं तर लिहून देतो.” लिहून द्यायची तयारी कौतुकास्पद आहे, पण प्रश्न तो नाही.

आयात मालावरची ड्युटी ठरते ती १९७५च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीवरून. ही अनुसूची जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंवादी प्रणालीवर, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘एचएस’वर बेतलेली आहे. तिचा अर्थ लावायचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. पहिलाच नियम सांगतो की वर्गीकरण हेडिंगच्या, म्हणजे चार आकडी नोंदीच्या, शब्दांवरून आणि विभागाच्या व प्रकरणाच्या नोट्सवरून करायचं. म्हणजे आधी नोट्स वाचायच्या आणि मग कोड शोधायचा. आपल्याकडे आधी कोड ठरतो, नोट्स कुणी उघडत नाही आणि नंतर नोटीस आली की वकिलाकडे धाव घेतली जाते.

यंत्रं आणि विद्युत उपकरणं, म्हणजे प्रकरण ८४ आणि ८५, सोळाव्या विभागात येतात. त्या विभागाची दुसरी नोट खास सुट्या भागांसाठीच लिहिलेली आहे. सुटा भाग स्वतःच या दोन प्रकरणांतल्या एखाद्या हेडिंगमध्ये बसत असेल, तर तो ‘सर्व बाबतींत’ त्या हेडिंगमध्येच जातो. अपवाद आहेत ते ‘पार्ट्स’साठीच राखलेल्या आणि नोटमध्ये नावानिशी दिलेल्या मोजक्या हेडिंगांचे. जो भाग असा कुठे बसत नाही, त्याच्यासाठीच ‘मुख्यतः कोणत्या यंत्रात वापरतात’ हा प्रश्न विचारायचा. आपले आयातदार नेमके या दुसऱ्या पायरीवरूनच सुरुवात करतात.

आता तोच माल पुन्हा बघा. मोटरला ८५०१ आहे, म्हणून ती ८५०१मध्ये. कॉन्टॅक्टर १००० व्होल्टपर्यंतचा, म्हणून ८५३६. त्यावरच्या व्होल्टेजचा असता तर ८५३५. पीएलसी ८५३७मध्ये, इन्सुलेशन असलेली केबल ८५४४मध्ये. धातुकाम यंत्रांच्या पार्ट्सचं ८४६६ यातल्या कुणाच्याही वाट्याला येत नाही. कॉन्टॅक्टरची नुसती बॉडी मागवली, जिला स्वतंत्र हेडिंग नाही, तर ती पार्ट म्हणून जाईल. पण तेव्हाही ८५३८मध्ये, कारण ती कॉन्टॅक्टरचा पार्ट आहे, लेथचा नव्हे. “पण ही मोटर खास आमच्या मशीनसाठीच डिझाइन केलीय!” असेल. सुसंवादी प्रणालीच्या स्पष्टीकरणात्मक टिपांनी हा मुद्दा आधीच निकालात काढला आहे: विशिष्ट यंत्रासाठी मुद्दाम घडवलेला असला तरी असा भाग आपल्या स्वतःच्या हेडिंगमध्येच जातो. तिथल्या उदाहरणांच्या यादीत विजेच्या मोटरी आणि स्विच नावानिशी आहेत.

टिपांवर विश्वास नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या. सिक्युअर मीटर्सने वीजमीटरसाठी एलसीडी आयात केले होते. सीमाशुल्क खात्याचं म्हणणं, हे वीजमीटरचे पार्ट, म्हणून ९०२८. कंपनीचं म्हणणं, एलसीडीला स्वतःचं हेडिंग आहे, ९०१३. प्रकरण ९०मध्येही सुट्या भागांची अशीच नोट आहे. २०१५मध्ये न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. यात ‘मशीनचा पार्ट’ ही चूक सरकारी बाजूने केली होती, म्हणजे हा गैरसमज काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहे. (एचएसच्या २०२२च्या आवृत्तीत सपाट डिस्प्ले मॉड्यूलसाठी ८५२४ हे नवं हेडिंग आलं. तेव्हा जुन्या निकालातला कोड तसाच उचलू नका, त्यातला तर्क उचला.)

इथे एखादा जाणकार हटकून म्हणतो, “मग वेस्टिंगहाउसचं काय?” प्रश्न रास्त आहे. वेस्टिंगहाउस सॅक्सबी फार्मर या कंपनीचे रिले रेल्वे सिग्नलिंगसाठी होते. कर खातं म्हणालं ८५३६, कंपनी म्हणाली ८६०८, आणि मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने, ‘केवळ किंवा मुख्यतः वापर’ या कसोटीवर निकाल दिला. तेव्हापासून बाजारात हवा आहे की आता सगळं वापरावरच ठरतं. तसं नाही. तो वाद सतराव्या विभागाचा होता, म्हणजे रेल्वे आणि वाहनांचा. तिथल्या नोट्स वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एक नोट तर प्रकरण ८५मधली विद्युत उपकरणं वाहनांच्या ‘पार्ट्स’मधून वगळते. ही नोट आणि ‘केवळ किंवा मुख्यतः वापरा’ची नोट यांची सांगड कशी घालायची, हाच तिथला झगडा होता. वाहनांच्या भागांवर यातून गोंधळ उडाला, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला जानेवारी २०२२मध्ये अधिकाऱ्यांसाठी वेगळी सूचना काढावी लागली. गाडीची वायरिंग हार्नेस ८५४४मध्ये नावानिशी आहे, हॉर्न आणि विजेचा हेडलॅम्प ८५१२मध्ये. चाकणच्या व्हेंडरांना हे पाठ असतं. मात्र तुमचा माल सोळाव्या विभागातल्या यंत्राचा असेल, तर रेल्वेच्या रिलेचा निकाल दाखवून लेथचा कॉन्टॅक्टर ८४६६मध्ये बसत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? पैशांसाठी, दुसरं काय! रेझिस्टर, कॅपॅसिटर, प्रिंटेड सर्किट आणि आयसी यांवर, १९९६च्या माहिती तंत्रज्ञान कराराला भारताने नंतर संमती दिल्यामुळे, मूळ सीमाशुल्क शून्य आहे. शेजारच्याच हेडिंगमधल्या वस्तूवर १० टक्के मूळ शुल्क असेल, तर त्यावर समाजकल्याण अधिभार धरून शंभराच्या मालाला ११ रुपये लागतात. मग १११ रुपयांवर आयजीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्या ११ रुपयांचं मिळत नाही. एक कोटीच्या मालावर ११ लाख.

यातून निघालेला धाकटा गैरसमज म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की ड्युटी शून्य’. आयसी शून्यावर आहे म्हणून आयसी बसवलेला चार्जर शून्यावर जात नाही. तसंच ‘एलईडी म्हणजे डायोड’ हेही. सुटा एलईडी ८५४१मध्ये, एलईडी मॉड्यूल आणि दिवा ८५३९मध्ये, आणि छताला लावायची तयार फिटिंग ९४०५मध्ये.

“चिनी सप्लायरने इनव्हॉइसवर कोड दिलाय की!” पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे आपले. आणि त्या सहामध्येच सप्लायर चुकला असेल तर तो तुमच्या वतीने कस्टम्सला उत्तर द्यायला येणार नाही. “काहीच सापडलं नाही तर ‘इतर’ टाका.” शेष नोंद हा शेवटचा मार्ग आहे, शॉर्टकट नाही, १९७५च्या डनलॉप निकालापासून न्यायालयं हे बजावत आली आहेत. “सुट्या खोक्यांत मागवलं की पार्ट्स होतात.” नाही होत. नियम २(अ)नुसार न जोडलेलं, पण एकत्र सादर केलेलं यंत्र पूर्ण यंत्रच धरतात. “कोड सीएचए (कस्टम्स दलाल) बघतो, आपली जबाबदारी नाही.” २०११पासून स्वयं-निर्धारण आहे, बिल ऑफ एंट्रीतल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी आयातदारावरच येते.

आणि “माल सुटला म्हणजे कोड बरोबर” हे तर सर्वांत महागात पडणारं. माल सोडला म्हणजे कस्टम्सने तुमच्या कोडवर कायमची मोहोर उठवली असं होत नाही. कलम २८खाली दोन वर्षांपर्यंत कमी भरलेली ड्युटी मागता येते. संगनमत, जाणूनबुजून चुकीचं विधान किंवा माहिती दडवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत. वर १५ टक्के दराने व्याज. तीच वस्तू त्याच कोडवर महिन्याला येत असेल, तर मधल्या सगळ्या बिलांचा हिशेब एकदम समोर येतो.

खरीच शंका असेल तर रस्ता आहे, आणि त्याच्याकडे अजून फार कमी छोटे उद्योजक वळतात. मुंबई आणि दिल्लीत सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणं २०२१पासून काम करतात. १०,००० रुपये फी भरायची आणि वस्तू स्वतः काय काम करते, किती व्होल्टवर चालते, तिच्यात काय काय आहे हे कॅटलॉग व ड्रॉइंगसह मांडायचं. तीन महिन्यांत निर्णय देण्याची कायद्यात तरतूद आहे. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो तीन वर्षं चालतो आणि कस्टम्सवर बंधनकारक असतो. मात्र फक्त अर्जदारापुरता. शेजारच्या गाळ्यातल्याने मिळवलेला निर्णय तुमचं रक्षण करत नाही. आणि अर्ज माल मागवण्याआधीच करा, कारण तोच प्रश्न तुमच्या बाबतीत एखाद्या अधिकाऱ्यापुढे, न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात आधीच प्रलंबित असेल, तर तो दाखल करून घेत नाहीत.